हनुवटीवरचा बाण

त्या सकाळी चेकरनं एक अगदी छोटासा निर्णय घेतला. बायकोच्या हनुवटीला दोरा लटकत होता, तो काढून टाकायचा.

बस्स, एवढंच. घर बदलायचं नव्हतं, नोकरी सोडायची नव्हती. चहा पिता पिता हात लांब करायचा, दोन बोटांत दोरा धरायचा, हलकेच ओढायचा आणि परत चहा प्यायचा. चहाही मस्त झाला होता.

चेकर म्हणजे शर्टाच्या कारखान्यातला चेकर, तयार शर्टातली खोट शोधणारा. त्याला खरं नाव होतं, पण ते फक्त आईला आणि बँकेला माहीत. बाकी सगळे चेकरच म्हणायचे, कारण माणूस समोर आला की हा आधी त्याची कॉलर बघायचा, मग बाह्या, मग बटणं, आणि वेळ उरलाच तर तोंड. मेहुणी तर तो यायच्या आधी साडीच बदलायची. ("भाऊजी येतायत, ती निळी नको, तिचा फॉल उसवलाय.") एकदा लिफ्टमध्ये एका अनोळखी गृहस्थाच्या खांद्यावरचा दोरा काढायला गेला आणि त्या गृहस्थाचा अख्खा खिसा हातात आला. तरी सवय सुटली नाही. तर अशा माणसासमोर खिडकीतलं ऊन थेट बायकोच्या हनुवटीवर पडलेलं, आणि त्या उन्हात एक पांढरा, जाडसर, टोकाला वळलेला दोरा चमकतोय. आता सांगा, तो काय करणार?

त्यानं ओढला.

"आई गं!" बायको किंचाळली आणि अर्धा कप चहा टेबलावर सांडला.

"अगं, दोरा होता..."

"दोरा नाहीये तो! केस आहे माझा!"

"डोक्यावरून खाली आला असेल."

"खाली कशाला येतोय? तिथलाच आहे. हनुवटीचा."

"हनुवटीला? केस?" (हा प्रश्न त्यानं गिळायला हवा होता. नुसता नाही, चहाबरोबर.)

बायकोनं फडकं घेऊन टेबल पुसलं. सावकाश पुसलं. मग म्हणाली, "का? या घरात दाढी काय तुम्हालाच येते?"

पुढचं सगळं तिनं गाडीचे गिअर समजावून सांगावेत तसं सांगितलं. तेच तिचं काम होतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ती सगळ्यात जुनी शिकवणारी, अर्ध्या शहराला तिनं क्लच आणि ब्रेकमधला फरक शिकवलेला. तर, पन्नाशी झाली, पाळी गेली, शरीरातलं हे कमी झालं, ते जास्त झालं, की हनुवटीला, ओठावर असे चार-दोन जाड केस येतात. डॉक्टरांना विचारून झालं होतं. डॉक्टर म्हणाल्या, एकदम भराभर यायला लागले तर या, नाहीतर यात काही नाही, बहुतेकींना येतात. बायकोनं विचारलं, उपाय? तर त्यांनी ड्रॉवरमधून स्वतःचा चिमटा काढून दाखवला.

"कधीपासून चाललंय हे?" चेकरनं विचारलं.

"झाली तीन-चार वर्षं."

"आणि मला पत्ता नाही?"

"तुम्हाला पत्ता लागू नये म्हणूनच तर काढत होते ना!"

चेकरला हे फार लागलं. नवरा म्हणून नाही हं, चेकर म्हणून. कॉलरच्या आतला एक चुकलेला टाका हातभर लांबून ओळखणारा माणूस, आणि रोज ज्या चेहऱ्यासमोर बसून चहा प्यायचा तिथं हा असा कारभार चाललेला!

"मग आजचा कसा राहिला?"

तीच तर पंचाईत होती. इतकी वर्षं सगळं नीट चाललं होतं, पण आता जवळचं दिसेना झालं. चष्मा लावला की आरशाजवळ जाता येईना, फ्रेम काचेवर आपटायची. चष्मा काढला की हनुवटी नुसती ढगासारखी. मोठं करून दाखवणारा आरसा आणला, तर त्यात स्वतःचं छिद्र न् छिद्र दिसून सकाळच खराब व्हायची, आणि केस मात्र दुसऱ्याच बाजूला. पार्लरमध्ये जायची महिन्यातून एकदा, पण तिथली मुलगी इतक्या मोठ्यानं विचारायची, "मॅडम, हनुवटी पण करायची ना आजसुद्धा?" की बाहेर थांबलेल्या बायका मासिकं खाली करून बघायच्या. लेझरचं विचारलं, तर म्हणे पांढरे केस लेझरला दिसतच नाहीत. (चेकर मनात म्हणाला, मला दिसतात. पण बोलला नाही. इतकी अक्कल आली होती एव्हाना.)

सगळ्यात छान दिसायचं ते गाडीच्या आरशात. समोरच्या काचेतून भरपूर उजेड, आरसा हवा तसा वळवायचा. शिकवायच्या गाडीत तिच्या बाजूला चिमटा ठेवलेला असायचाच. पण मागच्या आठवड्यात ती सिग्नलला एकाग्र होऊन एका केसाच्या मागे लागली होती, आणि शिकणाऱ्यानं सिग्नल सुटायच्या आधीच क्लच सोडला. चिमटा हनुवटीत रुतला. तेव्हापासून तेही बंद.

"चालायचंच," ती म्हणाली. "एरवी मी मनावरही घेतलं नसतं. पण रविवारी फोटो आहे."

फोटो! चेकर ते विसरलाच होता. ड्रायव्हिंग स्कूलच्या चौकातल्या बोर्डावर आजवर मालकांचाच फोटो होता. मालक म्हणजे मिशा, आणि मिशांच्या मागे थोडे मालक. गाडी शिकवायचं त्यांनी केव्हाच सोडलं होतं, पण बोर्डावर स्टेअरिंग धरून तेच बसलेले. आता नवा बोर्ड होणार होता आणि त्यावर तिचा फोटो लागणार होता. मोठा, अगदी दाराएवढा. इतकी वर्षं भर उन्हात लोकांच्या चुकांवर ब्रेक मारल्यानंतर. कुणाला बोलून दाखवलं नव्हतं तिनं, पण आठवडाभर ती येता-जाता त्या चौकात गाडी हळू करायला लावायची, आणि शिकणाऱ्यांना वाटायचं की वळणाचा धडा चाललाय.

"अगं, मग काळजी कसली? हल्ली कॉम्प्युटरवर पुसतात ना सगळं."

"पुसणार कोण? तो कॉम्प्युटरवाला. म्हणजे त्याला कळणार. मग तो मालकांना विचारणार, 'मॅडमची दाढी काढू का?' नको. माझं मी स्वच्छ तोंड घेऊन जाणार, आणि कुणाला काही कळणार नाही. बाहेर कळलं ना... तुमच्या कारखान्यात, माझ्या बहिणीला, कुणालाही..."

"नाही कळणार!" चेकर छाती पुढे काढून म्हणाला. "ते माझ्यावर सोड."

बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं, जसं ती पहिल्याच दिवशी "मला येते थोडी थोडी" म्हणणाऱ्या शिकाऊकडे बघायची.

रविवारी सकाळी त्यानं बेसिनसमोर खुर्ची मांडली. ट्यूबलाइट लावली, टेबलावरचा दिवाही लावला. बायको मान वर करून बसली. आणि त्यानं खिशातून लाल बाणांची पट्टी काढली.

"हे काय?"

"स्टिकर. कारखान्यातले. शर्टात जिथं खोट असेल तिथं बाण लावायचा, टोक खोटीकडे. पुढच्या टेबलावरची बाई बाण बघते, दुरुस्ती करते, बाण काढते. सोपं आहे. मी केसाशी बाण लावतो. तुला दिसायची गरजच नाही. बोटानं बाण चाचपायचा, टोकाशी चिमटा लावायचा, ओढायचा."

"तुम्हीच का नाही ओढत?"

"परवाचा ओढला तेव्हा काय झालं?"

तिनं हनुवटी पुढे केली. चेकर कामाला लागला. आणि काम सुरू झालं की त्याला भान राहत नाही, हीच मोठी अडचण.

"वरून खाली जायचं. डावी बाजू, पास. ओठ, पास. हा एक. हा मेजर."

"काय मेजर?"

"डिफेक्ट."

बायकोनं एक डोळा उघडून त्याच्याकडे बघितलं.

"म्हणजे कारखान्यात म्हणतात तसं गं. हा मायनर आहे. बाकी पीस चांगला आहे."

"मी पीस?"

"हलू नकोस, टाका... केस हुकेल."

शेवटी चार बाण लागले. दोन हनुवटीवर, एक उजव्या गालाखाली आणि एक अगदी खाली, जबडा संपून गळा सुरू होतो तिथं. चेकर एक पाऊल मागे सरकला आणि समाधानानं बघू लागला. बायकोनं चष्मा लावून आरशात बघितलं. "रस्त्याचं काम चाललेलं दिसतंय," ती म्हणाली आणि चिमटा उचलला.

आणि काय सांगू, युक्ती एक नंबर निघाली! बोट बाणावर, चिमटा टोकाशी, खस्सकन केस बाहेर. एक झाला. बाण आरशाच्या कडेला चिकटवला. दुसरा झाला. तोही चिकटवला. तिसरा ओढताना तिच्या डोळ्यात पाणी आलं, पण ती चक्क हसली. "अहो, डोकं चालतं की तुमचं कधी कधी!" असं वाक्य चेकरनं लग्नानंतर प्रथमच ऐकलं.

तेवढ्यात फोन वाजला. मालक. फोटो काढणाऱ्या बाई लवकर आल्या होत्या, ऊन छान पडलंय, नंतर डोक्यावर येईल, ताबडतोब या. बायकोनं चिमटा टाकला, ओढणी घेतली, किल्ली घेतली आणि गेलीसुद्धा.

चेकर शीळ घालत खुर्ची उचलायला गेला. आरशाकडे लक्ष गेलं. आरशाच्या कडेला बाण होते तीन.

लावले होते चार.

खाली बघितलं, बेसिनमध्ये बघितलं, चपलांखाली बघितलं. चौथा बाण कुठंच नव्हता. म्हणजे तो जिथं लावला होता तिथंच होता. जबड्याखाली, टोक केसाकडे, लालभडक. आणि ती निघाली होती दाराएवढा फोटो काढून घ्यायला.

फोन लावला. उचलला नाही. उचलणारच नव्हती, गाडी चालवताना फोन उचलणाऱ्याला ती माणसात धरायची नाही. परत लावला. परत नाही. मेसेज टाकला, "बाण राहिला." मग वाटलं, हा मेसेज दुसऱ्या कुणी वाचला तर? पुसला. मग वाटलं, तिनंच नाही वाचला तर? परत टाकला.

शेवटी निघाला तसाच. घरातला विटका टी-शर्ट, गुडघ्यात पिशवी झालेली पँट. खाली स्कूटर होती, पण चेकरला काहीच चालवता येत नव्हतं. होय, ड्रायव्हिंग शिकवणाऱ्या बाईचा नवरा! तिनं शिकवायचा प्रयत्न केला होता एकदा. भर रस्त्यात यानं गाडी थांबवली, कारण स्टेअरिंगच्या कव्हरचा टाका सुटला होता. तेव्हापासून त्याची जागा मागच्या सीटवर कायमची ठरली होती.

बस मिळाली नाही. चेकर धावला. जमेल तेवढं धावला, मग भरभर चालला, मग पोट धरून चालला.

ड्रायव्हिंग स्कूलच्या आवारात पोचला तर फोटो सुरूच झाले होते. पिवळी गाडी धुऊन उभी केलेली, बायको गाडीला टेकून, हाताची घडी घालून, मान ताठ. फोटोवाली बाई एक डोळा मिटून क्लिक क्लिक करतेय. मालक बाजूला उभे राहून मिशा कुरवाळतायत. काउंटरवरच्या बाईही बाहेर येऊन उभ्या. समोरून बाण दिसत नव्हता, जबड्याच्या सावलीत होता. चेकरला जरा हायसं वाटलं.

"मॅडम, मान अजून थोडी वर," फोटोवाली म्हणाली. "अजून. अजून थोडी."

मान वर जाऊ लागली. बाणाची शेपटी दिसू लागली.

"थांबा!" चेकर ओरडला.

सगळ्यांनी वळून बघितलं. बायकोच्या कपाळावर आठी पडली.

"काय हो, काय काम आहे?" मालक म्हणाले.

"असंच. सहज. फिरायला." (घामानं टी-शर्ट अंगाला चिकटलेला.)

मग त्यानं बायकोला खूण केली. स्वतःच्या हनुवटीवर बोट ठेवलं, मग जबड्याखाली नेलं. बायकोला वाटलं, हनुवटी खाली घे म्हणतोय. तिनं खाली घेतली.

"खाली नको हो मॅडम, वरच छान होती," फोटोवाली म्हणाली.

वर घेतली. चेकरनं जोरजोरात मान हलवली. परत खाली. परत वर.

"अहो, नक्की काय झालंय तुम्हाला?" बायको दात आवळून म्हणाली. फोटोसाठीचं हसू तसंच ठेवून, त्यामुळे ते आणखीच भयंकर दिसत होतं. "मान आखडलीय का?"

आता बोलायचं नव्हतं आणि राहवत नव्हतं. चेकरनं शेवटचा उपाय केला. आयुष्यभर केलेला. सरळ तिच्याजवळ गेला, मालकांकडे बघून कसंनुसं हसला, म्हणाला, "दोरा आहे जरासा," आणि बाण ओढला.

तर तो बाण होता नव्या मालातला. जुने बाण शर्टावरून गळून पडतात अशी तक्रार चेकरनंच केली होती, म्हणून कारखान्यानं चांगला घट्ट डिंक मागवला होता. बाण निघाला, पण एकटा नाही निघाला. बाणाबरोबर केस निघाला, आणि केसाबरोबर बायकोच्या तोंडून जी आरोळी निघाली, ती ऐकून पलीकडच्या गल्लीत कुणीतरी ब्रेक मारला. तिचा हात वर गेला. चेकर दोन्ही हात डोक्यावर धरून गुडघ्यात वाकला.

क्लिक.

चेकरच्या बोटाला बाण, बाणाला केस. लपवायला जागा नाही, कारण जिथं लपवावा तिथंच तो चिकटत होता.

फोटोवाली जवळ आली. बाणाकडे बघितलं, केसाकडे बघितलं, मग बायकोच्या हनुवटीकडे. झालं, संपलं सगळं, असं म्हणून चेकरनं डोळे मिटले.

"बाण लावून काढता?" तिनं विचारलं. "अय्या, हे मला कसं नाही सुचलं!"

चेकरनं एक डोळा उघडला. फोटोवाली कॅमेऱ्याच्या बॅगेतून चिमटा काढून दाखवत होती. "मी लेन्सच्या कप्प्यातच ठेवते. पण मेलं दिसतच नाही हो आता जवळचं."

"मला तर पार्लरमध्ये जायची लाज वाटते," काउंटरवरच्या बाई पुढे येत म्हणाल्या, "ती मुलगी किती मोठ्यानं बोलते!"

"तुम्ही पण तिच्याकडेच जाता?" बायको म्हणाली.

"मग! मागच्या महिन्यात मी मासिकाआड होते, तुमचंच चाललं होतं आत. मी म्हटलं, देवा, आपण एकट्या नाही."

दोन मिनिटांत तिघी गाडीच्या आरशापाशी. "बघू, इथं आहे का अजून?" "हा बारीक आहे, राहू दे." "क्रीम लावू नका हं, मला पुरळ आलं होतं." एखादीनं भाजी कुठून आणता विचारावं, इतक्या साध्या आवाजात सगळं चाललेलं. ज्या गुपितासाठी चेकर पोट धरून धावला होता, ते बायकोनं स्वतःच त्या दोघींना सांगून टाकलं, वर त्याच्या खिशातून उरलेली बाणांची पट्टी काढून दोघींत वाटूनही टाकली.

मालकांना यातलं काही कळलं नाही. ते कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर वाकून फोटो बघत होते.

"हा! हाच पाहिजे!" ते एकदम ओरडले. "काय धाक आहे बघा मॅडमचा! मान कशी ताठ, हात कसा वर! आणि हा शिकाऊ बघा कसा गर्भगळीत झालाय. आईशप्पथ, असा खरा चेहरा पैसे देऊन मिळत नाही. कोण आहे हा?"

"माझे मिस्टर आहेत," बायको म्हणाली.

"तरीच!" मालक म्हणाले.

बायकोनं चष्मा लावला. पडद्यावर बोटांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, हनुवटी पूर्ण पडदाभर होईपर्यंत. जबड्याखालीसुद्धा बघून घेतलं. मग सगळा चेहरा बघितला. बराच वेळ बघितला.

"लावा हाच," ती म्हणाली.

चेकरनं बोलायचा प्रयत्न केला की, मालक, मला गाडी शिकायची नाहीये, मी फक्त फिरायला आलो होतो. पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

आठवडाभरात बोर्ड लागला. चौकात, सगळ्यांना दिसेल असा. उजवीकडे बायको, हात वर, डोळ्यांत जरब, मान राणीसारखी. डावीकडे गुडघ्यात वाकलेला चेकर, डोक्यावर हात. आणि खाली ठळक अक्षरांत: "भित्र्यांनाही गाडी शिकवू!" सोमवारी कारखान्यातले सगळे त्याच रस्त्यानं कामावर आले. मेहुणीचा फोन आला तो हसण्यापासूनच सुरू झाला. आवारात नव्या शिकाऊंची रांग लागली आणि त्यातला प्रत्येक जण बायकोला विचारू लागला, "मॅडम, त्या काकांना आली का हो शेवटी?"

संध्याकाळी दोघं घरी जाताना बायकोनं गाडी बोर्डासमोर थांबवली. चेकर मागच्या सीटवरून उतरला, फुटपाथवर उभा राहिला आणि सवयीप्रमाणे वरून खाली तपासू लागला. बायकोची डावी बाजू, पास. ओठ, पास. हनुवटी, जबडा, गळा, सगळं पास. एक डिफेक्ट नाही. त्याला फार बरं वाटलं. मग नजर आपसूक स्वतःच्या चेहऱ्याकडे वळली.

नाकातून एक केस बाहेर आला होता. बोर्ड दाराएवढा, म्हणजे केस चांगला छत्रीच्या दांड्याएवढा. त्याच्या बाजूला दुसरा. आणि कानातून तर अख्खा झाडूच.

"अगं!" तो ओरडला. "हे बघितलंस का?"

"बघितलं ना," बायको खिडकीतून म्हणाली. "त्या कॉम्प्युटरवाल्यानं विचारलंही होतं मला, 'मॅडम, हे पुसू का?'"

"मग?"

"मी म्हटलं, राहू दे," तिनं गाडी सुरू केली. "दोघांत कुणाचं तरी वय दिसायला हवं ना."